निम्म्या वेगाचा पंखा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे उपकरणे चालवणारी, प्रोग्राम करता येणारी चिप. तिच्या पिनेला निम्मे असे काही ठाऊक नसते. पिन पाच व्होल्टवर असते किंवा शून्यावर असते. मधली कोणतीही जागा तिच्यासाठी अस्तित्वातच नाही. तरीही आपण तिला एलईडी मंद करायला सांगतो, पंख्याचा वेग कमी करायला सांगतो, आणि ती ते करून दाखवते. हे ती कसे करते याचे उत्तर पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मिळते: एक ठरावीक कालावधी घ्यायचा, त्यातला काही भाग पिन चालू ठेवायची, उरलेला भाग बंद ठेवायची आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. चालू भागाचे संपूर्ण कालावधीशी जे प्रमाण, त्याला ड्यूटी सायकल म्हणायचे. या सगळ्या प्रकाराचे नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजेच पीडब्ल्यूएम.

या दोन ओळी बरोबर आहेत, पण त्यांत अर्धीच गोष्ट सांगितलेली आहे असे माझे पक्के मत झाले आहे. पीडब्ल्यूएमला दोन संख्या लागतात. एक ड्यूटी सायकल आणि दुसरी वारंवारता, म्हणजे हे चालू-बंद सेकंदाला किती वेळा करायचे ती संख्या. पहिली संख्या आपण मुलांना शिकवतो, तिच्यावर परीक्षेत प्रश्न विचारतो, तिच्या आकृत्या काढून घेतो. दुसरी संख्या चिप ज्यावर बसवलेली असते त्या बोर्डाने आधीच ठरवून ठेवलेली असते, म्हणून तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. आणि खरे पाहता निम्मेपण ज्या ठिकाणी घडते, त्या ठिकाणाचा पत्ता या दुसऱ्या संख्येतच असतो.

मी जालन्यात पॉलिटेक्निकच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. प्रयोगशाळेत आर्डुइनो ऊनो हा बोर्ड वापरतो. इटलीतल्या इव्रेया या गावी २००५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने ज्यांना चिपच्या आत डोकावण्याची सवय नाही अशांनाही बोर्ड हाताळता यावा अशी सोय केली, आणि अंबड, भोकरदन, मंठ्याकडून येणाऱ्या माझ्या मुलांना त्या सोयीचा मोठाच आधार आहे. ‘अ‍ॅनालॉगराइट’ ही एकच आज्ञा लिहायची, तिच्यात पिनेचा क्रमांक आणि ० ते २५५ यांमधली एक संख्या द्यायची, की झाले. १२७ दिले की एलईडी मंदावतो. मुलांचे चेहरे उजळतात, वहीत निरीक्षण लिहिले जाते आणि प्रयोग संपतो.

मी तो तिथे संपू देत नाही. खोलीतले दिवे घालवायला सांगते, एलईडीला लांब तारा जोडून तो एका मुलाच्या हातात देते आणि हात झपकन आडवा फिरवायला सांगते. जो एलईडी एका जागी मंद आणि सलग दिसत होता, त्याच्या जागी अंधारात ठिपक्यांची ओळ उमटते. प्रत्येक ठिपका पूर्ण तेजाचा असतो आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये काळोख असतो. हात साधारण सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरला, तर ९ क्रमांकाच्या पिनेवर हे ठिपके एकमेकांपासून चार मिलिमीटरवर पडतात, कारण त्या पिनेची वारंवारता सेकंदाला ४९० आहे आणि दोन मीटरला ४९० ने भागले की तेवढेच अंतर येते. एखादा मुलगा मोबाइलचा कॅमेरा एलईडीवर धरतो आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. मंद प्रकाश एलईडीत कधी नव्हताच. तो बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होत होता. एका सेकंदात इतक्या वेळा झालेली उघडझाप डोळ्याला वेगळी काढता येत नाही, म्हणून तो तिची सरासरी घेतो.

सरासरी घेणारा कोण आहे आणि तो किती काळाची सरासरी घेऊ शकतो, हा पीडब्ल्यूएममधला खरा प्रश्न आहे. आमच्या मराठवाड्यात हे समजावून द्यायला उदाहरण शोधावे लागत नाही. शेतीपंपाला चोवीस तासांत आठ तास लाईट मिळते, म्हणजे ड्यूटी झाली तेहेतीस टक्के. पावसाळा बारा महिन्यांत चार महिने, म्हणजे ड्यूटी पुन्हा तेहेतीसच टक्के. कागदावर दोन्ही आकडे सारखे आहेत. पण आठ तासांच्या लाईटवर उभा कापूस निभावून नेतो, कारण सोळा तासांची खोट भरून काढण्याइतकी ओल काळ्या जमिनीत धरलेली असते. आणि आठ महिन्यांची खोट त्याच जमिनीला भरून काढता येत नाही, तिच्यासाठी पैठणला नाथसागर बांधावा लागतो. रोपवाटिकेतल्या ट्रेमधल्या रोपाला तर सोळा तासही जास्त होतात. मुलांना एवढे सांगितले की ती स्वतःच विचारू लागतात: मग मोटारीला किती, हीटरला किती, स्पीकरला किती? हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की मला शिकवण्याचे सार्थक वाटते.

डोळ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो सरासरी घेतो, पण सरळ प्रमाणात वाचत नाही. ड्यूटी शून्यावरून वीस टक्क्यांवर नेली तर एलईडी एकदम खूप उजळल्यासारखा वाटतो, आणि ऐंशीवरून शंभरावर नेली तर फारसा फरक जाणवत नाही. त्यामुळे एलईडी सावकाश उजळत नेण्यासाठी संख्या एकेकाने वाढवत गेले, तर उजेड सुरुवातीला धावतो आणि शेवटी रेंगाळतो. डोळ्याच्या मापाने सारख्या वाटणाऱ्या पायऱ्यांचा तक्ता आधी करून ठेवावा आणि प्रोग्रामने त्यातल्या संख्या वाचाव्यात, हा त्यावरचा साधा उपाय आहे. पंख्याला या तक्त्याचा काही उपयोग नाही, कारण पंखा डोळ्याने मोजत नाही.

पंख्यापाशी मी आले ती माझ्या धाकट्या भावामुळे. तो घनसावंगी तालुक्यात शेती करतो. सोयाबीन आणि कापसाबरोबर त्याने काही वर्षांपासून तुती लावली आहे आणि रेशीम अळ्यांचे संगोपन करतो. जालन्याला कोषांची बाजारपेठ झाल्यापासून आमच्या भागात हे पीक चांगलेच रुजले आहे. अंड्यातून बाहेर आल्यापासून कोष विणेपर्यंत अळी चार वेळा कात टाकते, त्यामुळे तिच्या पाच अवस्था होतात. त्यातल्या पहिल्या दोन अवस्थांना चॉकी म्हणतात. पहिल्या अवस्थेतल्या अळीला २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता लागते. पुढे प्रत्येक अवस्थेत तापमान साधारण एकेका अंशाने आणि आर्द्रताही टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायची, आणि पाचव्या अवस्थेपर्यंत २४ अंश व ७० टक्क्यांवर आणायची, असे शास्त्र आहे. बाहेर एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडत असताना आणि हवा कोरडी ठाक असताना ही ओल सांभाळणे सोपे नाही. बहुतेक शेतकरी म्हणून चॉकी केंद्रातून वाढवलेल्या अळ्याच आणतात. माझ्या भावाने मात्र शेजारच्या शेतकऱ्यांसाठीही चॉकी स्वतः वाढवायचे ठरवले आणि शेडच्या एका टोकाला लहान खोली बांधून घेतली.

त्या खोलीत हवा पालटली पाहिजे, पण वारा सुटता कामा नये. हवा कोंडली तर रोग येतो. वारा जास्त झाला तर बारीक चिरलेला कोवळा पाला वाळतो आणि मुंगीएवढ्या अळ्या तो खात नाहीत. भावाने फोनवर विचारले, “ताई, पंखा निम्म्यावर ठेवता येतो का गं? बंद केला तर कोंदटते आणि चालू केला तर पाला सुकतो.” त्याच्या या प्रश्नात मागणी अगदी नेमकी होती. मी त्याला आधी पंखा कोणता आहे ते विचारले. बॅटरीवर चालावेत म्हणून त्याने १२ व्होल्टचे, संगणकाच्या पेटीत असतात तसे पंखे आणले होते. त्यांना किती तारा आहेत, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काहींना दोन आहेत अन् काहींना चार.”

दोन तारांच्या पंख्यात निव्वळ पुरवठा असतो. त्याच्या आत मोटार असते आणि त्या मोटारीच्या गुंडाळ्यांना क्रमाने विद्युतप्रवाह देणारे एक छोटे सर्किटही असते. बाहेरून पुरवठाच तोडून पीडब्ल्यूएम केले, तर ते आतले सर्किट दर वेळी विझते आणि पुन्हा जागे होते. ४९० च्या वारंवारतेला असा पंखा कानाला ऐकू येईल इतका गुणगुणतो आणि वारंवारता फार वाढवली तर आतल्या सर्किटला नीट सुरूच होता येत नाही. चार तारांच्या पंख्याची गोष्ट वेगळी आहे. काळी आणि पिवळी तार कायम १२ व्होल्टवर जोडलेली राहते, हिरव्या तारेवर पंखा स्वतःचा वेग सांगतो आणि निळ्या तारेवर आपण त्याला किती वेगाने फिरायचे ते सांगतो. हे संकेत इंटेल कंपनीने ठरवून दिलेल्या मानकातून आले आहेत आणि त्या मानकात निळ्या तारेवरची वारंवारता २५ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला २५ हजार वेळा), फार तर २१ ते २८ च्या मध्ये, असावी असे म्हटले आहे. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. २५ ची निवड त्याच्या पलीकडची आहे. म्हणजे इथे दुसरी संख्या पंख्याने आपल्या हाती दिली आहे आणि बोर्डाने मुकाट्याने पुरवलेली ४९० तिच्याशी जुळत नाही. अ‍ॅनालॉगराइटचा रस्ता इथे संपतो.

इथून पुढचा भाग मला मनापासून आवडतो, कारण इथून चिपचे माहितीपत्रक उघडावे लागते. ऊनो बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. तिच्या घराण्याचा आराखडा नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलन या दोन विद्यार्थ्यांनी केला. या चिपमध्ये तीन टायमर आहेत. शून्य आणि दोन क्रमांकाचे टायमर आठ बिटांचे, म्हणजे २५५ पर्यंत मोजणारे. एक क्रमांकाचा सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मोजणारा. टायमर म्हणजे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एकाने वाढणारा आकडा, दुसरे काही नाही. त्याच्या शेजारी तुलनेसाठी एक रजिस्टर, म्हणजे आकडा लिहून ठेवायची चिपमधली जागा, असते. मोजणारा आकडा त्या रजिस्टरमधल्या आकड्याशी जुळला की हार्डवेअर स्वतःच पिनेची स्थिती बदलते. प्रोसेसरला यात काहीही करावे लागत नाही, आणि हेच या रचनेचे सर्वांत मोठे बळ आहे.

बोर्डाचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. बोर्डाची लायब्ररी, म्हणजे त्याच्यासोबत मिळणारा तयार प्रोग्राम, सुरुवातीलाच त्याला ६४ ने भागते, म्हणजे टायमरला सेकंदाला अडीच लाख ठोके मिळतात. ९, १०, ११ आणि ३ क्रमांकाच्या पिनांचे टायमर शून्यापासून २५५ पर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. या एका फेरीला ५१० ठोके लागतात, आणि अडीच लाखांना ५१० ने भागले की ४९० येते. ५ आणि ६ क्रमांकाच्या पिना शून्य क्रमांकाच्या टायमरला जोडलेल्या आहेत. तो २५५ पर्यंत चढून थेट शून्यावर येतो, त्याची फेरी २५६ ठोक्यांत संपते, म्हणून तिथे वारंवारता ९७६ च्या घरात असते. हाच टायमर बोर्डाचे मिलिसेकंदही मोजतो. त्याचा भाजक बदलला तर प्रोग्राममधला सगळा कालहिशोब बिघडतो, त्यामुळे त्याला हात न लावलेलाच बरा. एकाच बोर्डावरच्या सहा पिनांमध्ये दोनच पिना वेगळ्या का वागतात, याचे उत्तर इतके सरळ आहे, पण माहितीपत्रक उघडल्याशिवाय ते नीट उमगत नाही.

आता २५ किलोहर्ट्झ. टायमर एकला भाजक न लावता पूर्ण वेगाने धावू द्यायचे आणि त्याने कुठपर्यंत चढायचे तो माथा आपण ठरवायचा. चढून उतरण्याच्या पद्धतीत एका फेरीला माथ्याच्या दुप्पट ठोके लागतात. १ कोटी ६० लाखांना २५ हजारांनी भागले की ६४० येतात, त्यांची निमपट ३२०. म्हणून आयसीआर१ या रजिस्टरमध्ये ३२० लिहायचे, टीसीसीआर१ए आणि टीसीसीआर१बी या दोन रजिस्टरांमधले योग्य बिट चढवून दहाव्या क्रमांकाची कार्यपद्धती निवडायची, आणि ओसीआर१ए मध्ये ० ते ३२० मधली कोणतीही संख्या टाकली की ९ क्रमांकाच्या पिनेवर तेवढी ड्यूटी मिळते. निम्म्यासाठी १६०. फळ्यावर हा हिशोब मांडला की मुलांना तो चौथीतल्या भागाकाराइतकाच सोपा वाटतो, आणि तो तेवढाच सोपा आहेही. अवघड काही असेल तर ते बिटांची नावे सहन करणे, आणि ती सवय आठवड्याभरात लागते.

या हिशोबात एक देवाणघेवाण दडलेली आहे. वारंवारता वाढवली की पायऱ्या कमी होतात, कारण दोन्हींचा गुणाकार घड्याळाच्या ठोक्यांपलीकडे जाऊ शकत नाही. सोळा बिटांच्या सगळ्या ६५,५३६ पायऱ्या हव्या असतील तर वारंवारता २४४ वर येऊन थांबते. ज्याला बारकावा हवा त्याने वेग सोडायचा आणि ज्याला वेग हवा त्याने बारकावा सोडायचा. कुठले सोडायचे ते पुन्हा समोरच्या वस्तूवरून ठरवायचे.

पंखा जमला तेव्हा भावाला झडपही हवी झाली. खोलीच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी एक फट आहे. पहाटे ती थोडी मिटावी आणि दुपारी उघडावी, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी छोटी सर्वो मोटार, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटार, पुरेशी होती. सर्वोलाही पीडब्ल्यूएमच लागते, पण इथे त्याचा अर्थ पार बदलतो. दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद द्यायचा, आणि तो स्पंद एक मिलिसेकंदाचा असेल तर सर्वो एका टोकाला जातो, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला, दीडचा असेल तर मध्ये थांबतो. इथे कोणी कसली सरासरी घेत नाही. आतले सर्किट स्पंदाची लांबी मोजते आणि तिला आदेश समजते. ताकद पोचवणारे पीडब्ल्यूएम आणि निरोप पोचवणारे पीडब्ल्यूएम यांच्यातला हा फरक मी वर्गात फार आग्रहाने सांगते, कारण लाटेची आकृती दोन्हीकडे सारखीच दिसते.

सर्वोची तयार लायब्ररी ऊनो बोर्डावर टायमर एक ताब्यात घेते आणि ९ व १० या पिनांवरचे पीडब्ल्यूएम बंद पडते. शिवाय ती स्पंद काढते तो इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरला चालू काम मध्येच थांबवायला लावणाऱ्या हाकेच्या, भरवशावर. खोलीत आर्द्रता मोजायला डीएचटी२२ हा सेन्सर होता. त्याचे चाळीस बिट वाचायला चार-पाच मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्याच्या बहुतेक लायब्ररी इंटरप्ट बंद ठेवतात. नेमक्या त्या क्षणी सर्वोचा स्पंद चालू असेल तर तो लांबतो आणि झडप दचकते. म्हणून स्पंद हार्डवेअरनेच काढायला हवा, आणि ते काम एक क्रमांकाच्या टायमरलाच नीट जमते. आठ बिटांचा टायमर १०२४ ने भागून एवढा सावकाश केला, तर त्याचा एक ठोका ६४ मायक्रोसेकंदांचा होतो, आणि एक ते दोन मिलिसेकंदांच्या मधल्या पूर्ण पट्ट्यात जेमतेम पंधरा पायऱ्या मिळतात. टायमर एकला ८ ने भागले, आयसीआर१ मध्ये ३९,९९९ लिहिले, की फेरी बरोबर २० मिलिसेकंदांची होते आणि एक ठोका अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. एक मिलिसेकंद म्हणजे २,००० ठोके, दीड म्हणजे ३,०००, दोन म्हणजे ४,०००. झडपेला दोन हजार पायऱ्या मिळाल्या.

मग पंख्याला टायमर दोनकडे हलवले. त्याला ८ ने भागून माथा ७९ ठेवला, की ८० ठोक्यांची फेरी होते आणि वारंवारता पुन्हा नेमकी २५ किलोहर्ट्झ येते. माथा ठरवण्यासाठी ओसीआर२ए हे रजिस्टर खर्ची पडते, त्यामुळे ११ क्रमांकाची पिन पीडब्ल्यूएमसाठी उरत नाही आणि पंख्याची तार ३ क्रमांकाच्या पिनेवर येते. आधी ३२० पायऱ्या होत्या, आता ८० आहेत. पंख्याला ८० पुष्कळ झाल्या. सव्वा टक्क्याचा फरक ना पाल्याला कळतो ना अळीला.

हीटरच्या बाबतीत मात्र यांपैकी काहीच लागत नाही, आणि हे मला सांगावेसे वाटते, कारण पीडब्ल्यूएम शिकलेला विद्यार्थी सगळीकडे टायमर लावायला बघतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात आणि चॉकीच्या खोलीत ऊब द्यावी लागते. घरच्या लाईटवर चालणारा हीटर सॉलिड स्टेट रिलेने, म्हणजे हलते भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचने, चालू-बंद करायचा असतो, आणि हे रिले बहुधा पुरवठ्याची लाट शून्यावरून जाते तेव्हाच स्थिती बदलतात. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे शून्याची संधी दर १० मिलिसेकंदांनी येते. अशा रिलेला ४९० ची वारंवारता देणे व्यर्थ आहे. दहा सेकंदांचा कालावधी धरायचा, त्यातले तीन सेकंद हीटर चालू आणि सात बंद. भिंती, ट्रे आणि हवा मिळून त्याची सरासरी निवांत घेतात. एवढ्यासाठी मिलिसेकंद मोजणारी साधी आज्ञा पुरते.

याच्या दुसऱ्या टोकाला शेतातला सौर पंप आहे. शिवारात आता ठिकठिकाणी पॅनेल दिसतात आणि त्यांच्या खांबाला एक पेटी असते; पंप सुरू होताना तिच्यातून बारीक शीळ ऐकू येते. पॅनेल देते तो एकदिश प्रवाह, आणि बोअरमधली मोटार पुष्कळदा थ्री फेजची असते. पेटीतले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्यांची ड्यूटी क्षणोक्षणी अशी बदलत नेतात की मोटारीच्या गुंडाळीत तिची सरासरी साइन लाटेसारखी निघावी. सकाळचे कोवळे ऊन असेल तर ही लाट सावकाश काढायची, म्हणजे पंप हळू फिरतो. ऊन चढले की वेग वाढवायचा. घनसावंगीतला माझा भाऊ जो पंप रोज चालवतो, त्यात माझ्या प्रयोगशाळेतल्या एलईडीचेच तत्त्व काम करते, हे त्याला सांगितले तेव्हा त्याने पेटीचे झाकण उघडून बघायची तयारी दाखवली. मी त्याला आवरले, कारण आतल्या कपॅसिटरांमध्ये पुरवठा बंद केल्यावरही काही वेळ धोकादायक विद्युतदाब उरतो.

प्रोग्रामइतकेच महत्त्व मी प्रोग्राम बंद पडल्यावर काय होईल याला देते. बोर्ड रिसेट होतो तेव्हा त्याच्या सगळ्या पिना तरंगत्या होतात, म्हणजे त्यांच्यावर ना पाच व्होल्ट असतात ना शून्य. लाईट गेली, बॅटरी उतरली, तार उंदराने कुरतडली, यांपैकी काहीही गावाकडे होऊ शकते. चार तारांच्या पंख्याची निळी तार पंख्याच्या आतूनच वर ओढलेली असते. तिला बाहेरून कोणी खाली ओढले नाही तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. मानक करणाऱ्यांनी हा विचार केला होता, कारण प्रोसेसर तापून जळण्यापेक्षा पंखा उगाच जोरात फिरलेला बरा. चॉकीच्या खोलीतही तेच लागू पडते: थोडा पाला सुकेल, पण हवा कोंडून अळ्या मरणार नाहीत. मी निळी तार छोट्या ट्रान्झिस्टरमधून खाली ओढते आणि त्या ट्रान्झिस्टरला बोर्ड मुका असताना बंद ठेवणारा एक रेझिस्टर लावते. या जोडणीत पिन चालू असली की तार खाली जाते, म्हणजे अर्थ उलटा होतो; म्हणून टायमरलाच उलट पद्धतीने काम करायला सांगायचे, त्यासाठी माहितीपत्रकात दोन बिटांची सोय आहे. पंखा सुरू होताना आधी दोन सेकंद पूर्ण ड्यूटी द्यायची आणि मग खाली आणायची, कारण थांबलेले पाते हलवायला फिरते पाते फिरत ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो.

हिरवी तार सोडून द्यायची नाही. पंखा एका फेऱ्यात तिच्यावर दोन स्पंद देतो. सेकंदाला येणाऱ्या स्पंदांना ३० ने गुणले की मिनिटाचे फेरे मिळतात. आपण निम्मे सांगितले आणि पंखा खरोखर किती फिरला हे कळायचा तोच एक मार्ग आहे. चुन्याची धूळ आणि पाल्याचे तुकडे अडकून पाते जाम झाले, तर ड्यूटी कितीही दिली तरी स्पंद येत नाहीत आणि बझर वाजतो. निम्म्या वेगाला पंख्याला लागणारी शक्ती सिद्धांताने आठव्या हिश्श्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आतल्या सर्किटचा खर्च वजा जाता प्रत्यक्षात बचत त्याहून कमी होते, पण बॅटरी रात्रभर पुरते हे भावाच्या लक्षात आले आणि त्याचे समाधान त्याच्या आवाजात ऐकू आले.

आता त्याला मोठ्या शेडमधला, पाचव्या अवस्थेतल्या अळ्यांसाठी लावलेला एक्झॉस्ट पंखाही याच बोर्डावर हवा आहे. तो २३० व्होल्टवर चालतो. त्याची मोटार कोणत्या जातीची आहे, तिला कपॅसिटर आहे का, वेग कमी केल्यावर ती तापेल का, हे कळल्याशिवाय मी कोणतीही वारंवारता लिहिणार नाही. मोटारीवरची पाटी फडक्याने पुसून घे आणि तिचा स्वच्छ फोटो पाठव, असे मी त्याला कळवले आहे.